ब्रिज बसवायचा, पण कोणाच्या आधारावर?

वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत गेलेल्या दाताच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर चढवलेल्या कॅपांना (टोपणांना) जोडलेला नकली दात, बसवण्याचाच विषय वरचढ होता. कॅप कुठली चांगली आणि दर किती, हे बहुतेकांनी विचारले आहे. ज्या दातांवर तो ब्रिज उभा राहणार, त्यांच्याबद्दल मात्र क्वचितच कुणी विचारले. ब्रिज वाया जातो तो बहुधा त्या आधाराच्या दातांपायी. म्हणून पत्रांचा क्रम आम्ही थोडा बदलून घेतला आहे.

प्रश्न : वय ४६. खालची डावीकडची पहिली मोठी दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. एक डॉक्टर म्हणतात, पुढची-मागची दाढ घासून तीन दातांचा ब्रिज करू. दुसरे म्हणतात, चांगल्या दाढांना हात लावू नका, इम्प्लांट करा. कोणाचे ऐकू?
— एक वाचक भगिनी, डिचोली

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. निकाल लागेल तो शेजारच्या दोन दाढांकडे पाहून. त्या अगदी धडधाकट, कधीही न भरलेल्या असतील तर आम्ही इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात चढवण्याच्या, बाजूने बोलू. त्यांत आधीच मोठी फिलिंग असतील, एखादीचे रूट कॅनल झाले असेल, कड तुटली असेल, तर त्यांना तशाही कॅप लागणारच. मग त्याच कॅपांच्या आधाराने मधली दाढ बसवून घेणे शहाणपणाचे.

ब्रिजची खरी किंमत पैशात नाही, ती शेजारच्या दातांत मोजावी लागते. कॅप बसण्यासाठी दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग साधारण १.५ ते २ मिलीमीटर आणि चारही बाजू १ ते १.५ मिलीमीटर घासाव्या लागतात. आकडे लहान दिसतात, पण हिरडीच्या वर जेवढा दात दिसतो त्याचा निम्म्याहून बराच जास्त भाग त्यात जातो. गेलेला भाग परत येत नाही. घासल्याचा ताण आतल्या नसेवरही पडतो. आधाराला घेतलेल्या दर दहा जिवंत दातांपैकी साधारण एकाची नस पुढच्या दहा वर्षांत मरते आणि मग कॅपमधूनच भोक पाडून रूट कॅनल करावे लागते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मधली दोन वर्षे. जागा रिकामी राहिली की मागची दाढ पुढे कलते आणि वरची दाढ खाली उतरते. मागची दाढ साधारण २५ अंशांहून जास्त कलली असेल तर दोन्ही कॅप एकाच दिशेने बसवणे कठीण होते. मग एक तर ती दाढ तारेने काही महिने सरळ करून घ्यायची, नाहीतर गरजेपेक्षा जास्त घासायची. दुसरा मार्ग निवडला की नस दुखावलीच म्हणून समजा. वरची दाढ उतरली असेल तर खाली कॅपला उंचीच मिळत नाही. आधी तिला थोडी कमी करावी लागते. इम्प्लांट केले तरी ही अडचण टळत नाही.

इम्प्लांटसाठी हाडाची रुंदी लागते. ४ मिलीमीटर जाडीचा स्क्रू असेल तर हाड किमान ६ ते ७ मिलीमीटर रुंद हवे आणि खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेपासून २ मिलीमीटर अंतर राखावे लागते. हे साध्या एक्स-रेवर कळत नाही, त्रिमिती स्कॅन करावा लागतो. स्क्रू बसवल्यावर हाड धरायला खालच्या जबड्यात दोन ते तीन महिने जातात. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू-विडी चालू असेल तर अपयशाचा धोका वाढतो. नीट केलेल्या ब्रिजपैकी दहा वर्षांनंतर दहातले जवळपास नऊ जागेवर असतात, त्यामुळे ब्रिज म्हणजे दुय्यम इलाज असे मानून घेऊ नका.

खर्चाची तुलना करताना एक लक्षात घ्या. ब्रिजचा दर एका युनिटचा, म्हणजे एका कॅपचा किंवा एका नकली दाताचा, सांगितला जातो. तुमची दाढ गेली एक, पण युनिटे तीन. त्यात रूट कॅनल लागले तर ते वेगळे. हा सगळा हिशेब एका कागदावर लिहून मागा. मग इम्प्लांट वाटते तेवढे महाग दिसत नाही.

प्रश्न : पती तारवटी (जहाजावर नोकरीला) आहेत. सहा आठवड्यांच्या सुटीवर घरी येतात. तेवढ्या वेळात ब्रिज पुरा होईल का? एक दाढ हलते, तीही याच सुटीत काढायची आहे.
— एक वाचक, कुंकळ्ळी

ब्रिज होईल, पण दाढ काढून लगेच त्याच जागी ब्रिज, हे जमवू नका. दाढ काढल्यावर हाड आणि हिरडी आक्रसतात, आणि त्यातला बराचसा बदल पहिल्या तीन महिन्यांत होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बनवलेला ब्रिज त्या दिवशी हिरडीला चिकटून बसलेला दिसेल. पुढच्या वेळी घरी येईपर्यंत त्याच्याखाली फट पडलेली असेल आणि प्रत्येक घासाला तिथे भात अडकेल. या सुटीत दाढ काढून घ्या, शेजारच्या दातांचे काही दुखणे असेल तर निस्तरा, पुढच्या सुटीत ब्रिज करा. दिसण्याची अडचण असेल तर तोवर काढता-घालता येणारी लहान प्लेट चालते.

जागा आधीपासून रिकामी असती, तर सहा आठवड्यांचा हिशेब असा. पहिल्या आठवड्यात तपासणी, आधाराच्या प्रत्येक दाताचा मुळापर्यंतचा एक्स-रे, दातांची सफाई आणि जुनी फिलिंग बदलणे. हिरडीतून रक्त येत असताना घेतलेले माप चुकते, म्हणून सफाईनंतर आठवडाभर हिरडी बसू द्यावी. दुसऱ्या आठवड्यात घासण्याची मुख्य बैठक, तास-दीड तासाची. रंग ठरवायचा तो दात बधीर करून घासायच्या आधी, दिवसाच्या उजेडात. बराच वेळ तोंड उघडे राहिले की दात सुकतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. तेव्हा निवडलेला रंग पुढे उठून दिसतो.

घासून झाल्यावर हिरडी आणि दात यांच्या फटीत बारीक दोरा काही मिनिटे ठेवतात, म्हणजे घासलेल्या भागाची कड उघडी पडते. मग सिलिकॉनचे माप: कणकेसारखी घट्ट पुटी खाली आणि पातळ सिलिकॉन कडेभोवती. ते घट्ट होईपर्यंत जीभ न हलवता बसायचे. काही ठिकाणी माप न घेता कॅमेऱ्याने स्कॅन करतात. तिथेही कड कोरडी आणि उघडी नसेल तर स्कॅनला ती दिसत नाही. माप आल्यावर ते पाहायला मागायला हरकत नाही. कडेपाशी बुडबुडा किंवा फाटलेला भाग असेल तर माप पुन्हा घेतलेले बरे. लॅबवाला अंदाजाने कड ओढतो आणि कॅप तिथेच उघडी राहते.

त्या दिवशी तात्पुरता ब्रिज बसल्याशिवाय घरी येऊ नये. तो नुसता दिसण्यासाठी नसतो. घासलेले दात त्याच्यामुळे जागेवर राहतात. तात्पुरता ब्रिज निघाला आणि चार-आठ दिवस तसाच राहिला, तर दात इतके सरकू शकतात की पक्का ब्रिज बसतच नाही. निघाल्यास डॉक्टरांना फोन करा. घरी फेव्हिक्विक लावू नका.

लॅबचे काम साधारण आठवडाभर. मध्ये एकदा नुसत्या सांगाड्याची, म्हणजे पोर्सेलिनच्या आतल्या ढाच्याची, ट्रायल होते. तिच्यात डॉक्टर टोकदार सळीने कड चाचपतात: सळी अडकली तर फट आहे. सांगाडा डुलत असेल तर पोर्सेलिन चढवण्याआधीच नवे माप घ्यावे. शेवटी रंगीत कागदाने चावण्याचे ठिपके पाहून उंच जागा घासतात आणि सिमेंट लावतात. सिमेंट लावताना दात कोरडे हवेत. जास्तीचे सिमेंट दातांच्या मधून आणि मधल्या दाढेखालून फ्लॉसने काढतात. राहून गेले तर हिरडी सुजलेलीच राहते. पहिला दिवस त्या बाजूने कडक काही चावू नये.

पक्के सिमेंट लागल्यापासून जहाजावर चढेपर्यंत किमान दोन आठवडे हाताशी ठेवा. चावताना एक बाजू उंच लागणे, थंडाचे झिणझिणणे, या तक्रारी त्याच काळात निघतात आणि उंची कमी करायला दहा मिनिटे पुरतात. समुद्रावर दात पाहायला कोणी नसते.

प्रश्न : चार वर्षांपूर्वी ब्रिज केला. दुखत काहीच नाही, पण सकाळी त्या बाजूला घाण चव येते आणि बोटाने दाबले की मागचा भाग किंचित हलल्यासारखा वाटतो. डॉक्टर म्हणाले, काढून पुन्हा चिकटवू. एवढे पुरे का?
— एक वाचक, सांखळी

या महिन्यातले सर्वांत महत्त्वाचे पत्र हेच. ब्रिजचे दोन्ही टोकांचे सिमेंट सुटले तर ब्रिज हातात येतो. ते चांगले, कारण माणूस त्याच दिवशी दवाखाना गाठतो. एकाच टोकाचे सुटले तर दुसरे टोक ब्रिज धरून ठेवते. सुटलेल्या कॅपखाली प्रत्येक घासाला लाळ आत-बाहेर होते, अन्न कुजते आणि दात आतून पोखरत जातो. त्या दाताचे रूट कॅनल आधी झालेले असेल तर नस नाही, म्हणून दुखणेही नाही. तुमचे वर्णन तंतोतंत याचेच आहे. महिनाभरही थांबू नका.

डॉक्टर ब्रिज उपकरणाने वर-खाली दाबतात आणि कॅपच्या कडेला लाळेचे बुडबुडे येतात का ते बघतात. आले तर सिमेंट सुटले आहे. धातूच्या कॅपच्या आत एक्स-रेला दिसत नाही, फक्त कडेचा भाग दिसतो. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ यावर निर्धास्त होऊ नये.

ठोकून काढताना घट्ट बसलेल्या बाजूचा दात मोडण्याची भीती असते. म्हणून आम्ही बहुतेक वेळा सुटलेल्या ब्रिजला चीर देऊन कापूनच काढायचा सल्ला देतो. ब्रिज जातो, दात वाचतो. आत कीड निघाली आणि ती साफ केल्यावर हिरडीच्या वर चारही बाजूंनी किमान २ मिलीमीटर घट्ट दात उरला, तर त्यावर बांधणी करून नवा ब्रिज करता येतो. त्याहून कमी उरला असेल तर तिथे कॅप टिकत नाही. मूळ उभे चिरते.

आणि पुन्हा चिकटवण्याबद्दल: सिमेंट का सुटले ते कळल्याशिवाय नाही. नेहमीची कारणे तीनच. घासलेला दात फार बुटका राहणे (दाढेला निदान ४ मिलीमीटर उंची हवी), बाजू जास्त निमुळत्या होणे, किंवा सिमेंट लावताना लाळ आत जाणे. पहिली दोन असतील तर तोच ब्रिज कितीही वेळा चिकटवा, सहा-आठ महिन्यांत परत सुटेल.

प्रश्न : आईचे वय ७२. खाली उजवीकडच्या ओळीने तीन दाढा नाहीत. एकदम मागे अक्कलदाढ आहे. अक्कलदाढेपासून पुढच्या दातापर्यंत लांब ब्रिज करून देतो असे सांगितले आहे.
— एक वाचक, फोंडा

नको. पोफळीच्या खोडाचा सांकव वहाळ रुंद झाला की मध्ये लवतो, तसा ब्रिजही लवतो, आणि त्याचे गणित ठरलेले आहे: रिकामी जागा दुप्पट झाली की लवणे आठपट, तिप्पट झाली की सत्तावीसपट. एका दाताच्या ब्रिजला जे सहज झेपते ते तीन दाढांना झेपत नाही. लवता-लवता एका टोकाचे सिमेंट सुटते, आणि पुढची कथा वरच्या उत्तरात आली आहे.

आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचा एकूण पृष्ठभाग गेलेल्या दातांच्या मुळांइतका तरी असावा, हा १९२६ सालापासून चालत आलेला ठोकताळा. तीन दाढांपुढे एक लहान दाढ आणि एक अक्कलदाढ कुठेच पुरत नाहीत. अक्कलदाढेची मुळे तर बहुतेक आखूड आणि एकत्र चिकटलेली असतात.

धातूच्या सांगाड्याची, काढता-घालता येणारी अर्धी कवळी आईंना जास्त योग्य. रोज रात्री काढून धुवायची, पाण्यात ठेवायची. किंवा वरच्या दाढाही नसतील आणि पुढच्या दातांनी जेवण नीट होत असेल तर काहीच करू नका. रिकामी जागा भरलीच पाहिजे असा नियम नाही.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची. वरच्या समोरच्या दोन दातांशेजारचा एक दात जन्मतःच नाही. तारा काढून झाल्या आहेत. ब्रिज करायचा तर दोन्ही बाजूंचे दात घासावे लागतील का?
— एक वाचक, म्हापसा

या वयात घासू देऊ नका. दातातली नसेची पोकळी अजून मोठी असते, घासणे थेट नसेजवळ पोचते. इम्प्लांटही आत्ता नको. चेहऱ्याची वाढ संपलेली नसते, शेजारचे दात वाढीबरोबर खाली येतात आणि इम्प्लांट आखूड दिसू लागते.

तिच्यासाठी पंखाचा ब्रिज, ज्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात. नकली दाताला मागून एक पातळ पंख असतो. तो शेजारच्या एका दाताच्या पाठीला, साधारण सुळ्याला, चिकटवतात. घासणे नाममात्र, तेही इनॅमलपुरते (दाताच्या बाहेरच्या कडक थरापुरते). दोन पंखांऐवजी एकच पंख बरा, हे ऐकून पालक बुचकळ्यात पडतात. पण दोन दात वेगवेगळे हलतात, एका बाजूचा पंख गुपचूप सुटतो आणि मागे कीड लागते. एका पंखाचा सुटला तर सरळ हातात येतो, धुऊन परत चिकटवता येतो.

चिकटवण्याच्या दिवशी सगळे कोरडेपणावर आहे. दातांभोवती रबराची चादर लावतात, इनॅमल ३७ टक्के आम्लाने खरवडून घेतात, मग रेझिन सिमेंट. त्याआधी तारा काढल्यावर दात जागेवर धरणारा रिटेनर नियमित वापरलेला हवा, नाहीतर जागा कमी झालेली आढळते. पुढे उंड्याचा (पावाचा) कडक पापुद्रा समोरच्या दातांनी ओढून तोडायचा नाही. हाताने तोडून मागच्या दातांनी खायचा. ऊस तर सोडूनच द्या.

प्रश्न : झिरकोनिया घ्यावे की धातूवर पोर्सेलिन? वॉरंटी कार्डावर पंधरा वर्षे लिहिले आहे.
— एक वाचक, काणकोण

वॉरंटी कॅपच्या साहित्याची असते, खालच्या दाताची नव्हे. दाताला कीड लागली तर कार्ड कामाला येत नाही.

मागच्या दाढांना एकसंध झिरकोनिया (धातू नसलेले कणखर सिरॅमिक) चांगले. त्यात तुटून पडायला वरचा थर नसतो. मात्र दोन कॅपांमधला जोड पुरेसा जाड हवा, तीन दातांच्या मागच्या ब्रिजला सुमारे ९ चौरस मिलीमीटर. दात बुटके असतील आणि एवढी जागा मिळत नसेल तर धातूचा सांगाडाच भरवशाचा, कारण धातू कमी जाडीतही मोडत नाही. खोट्या दागिन्यांनी अंगाला खाज येत असेल तर निकेल असलेला धातू नको असे आधीच सांगा. लिथियम डायसिलिकेट हे काचेसारखे सिरॅमिक समोर सुंदर दिसते, पण दाढेच्या ब्रिजला ते वापरू नये. रात्री दात खाण्याची सवय असेल तर कुठलेही साहित्य घ्या, झोपताना घालायचे गार्ड बरोबरच करून घ्या.

प्रश्न : घरी येऊन दोन तासांत, दात न घासता पक्के दात बसवून देणारे एक गृहस्थ आहेत. स्वस्तही आहे.
— एक वाचक, केपे

ते बहुधा जागच्या जागी घट्ट होणारे ॲक्रेलिक शेजारच्या दातांभोवती तारेने गुंडाळून ठेवतात. त्याच्याखाली ब्रश जात नाही, हिरडी सुजते, आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे चांगले दात हलू लागतात. एकाच्या बदल्यात तीन दात जातात. कोणाकडूनही काम करून घेताना गोवा राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खर्चाचा प्रश्न असेल तर बांबोळीचे दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त लागतो, कारण विद्यार्थ्याचे काम प्रत्येक टप्प्यावर शिक्षक तपासतात. ब्रिजसारख्या कामात तो तोटा नाही.

प्रश्न : ब्रिजखाली नेहमी मासळीचा काटा नाहीतर भाजीचा धागा अडकतो. टूथपिकने काढते. चालेल का? कुर्ल्या, खाजे खाऊ का?
— एक वाचक भगिनी, पेडणे

टूथपिक नको, हिरडी खचते. साधा फ्लॉस वरून आत जाणार नाही, कारण तिन्ही कॅप जोडलेल्या आहेत. सुपरफ्लॉस मागा: त्याचे एक टोक ताठ असते. ते ओठाच्या बाजूने नकली दाढेखाली घालून जिभेच्या बाजूने बाहेर ओढायचे. मग मधला फुगीर भाग नकली दाढेच्या पोटाला लावून पुढे-मागे पाच-सहा वेळा, त्यानंतर दोन्ही आधाराच्या दातांच्या कडेला वर-खाली. सुपरफ्लॉस मिळाला नाही तर साधा फ्लॉस ओवायची प्लॅस्टिकची सुई मिळते. रोज एकदा, रात्री. पहिले चार-पाच दिवस थोडे रक्त येईल. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर कडेला सिमेंट राहिले आहे का ते दाखवा.

कुर्ल्या जरूर खा, नांग्या मात्र वाटणाच्या दगडाने फोडून घ्या, दाढेने नको. जत्रेतले ताजे खाजे खुसखुशीत असते. चार दिवसांनी गूळ घट्ट झालेला तुकडा दुसऱ्या बाजूने खा. सुपारी बंद. आणि काटा नेहमी एकाच जागी अडकत असेल तर ती तुमच्या खाण्याची चूक नसून कॅपची कड किंवा दोन दातांमधला स्पर्श सैल आहे. सहा महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता ती जागा बोटाने दाखवून तपासून घ्या.